पाळक कीं मालक?

(गुंजवणें येथें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें झालेलें भाषण)



 आजचा विषय ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ख्रिस्ती धर्माचे पुढारी, मिशनरी लोकांचें कार्य आणि साध्या ख्रिस्ती कुटुंबाची रोजची भक्ति, याविषयीं आम्ही बोलणार आहों. तुम्ही म्हणाल, "आम्ही पंढरीची वाट चालणारे, राजगडावरच्या पद्मावतीला नारळ वाहणारे, आम्हांला त्या पाद्र्यांचें काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आधींच दिलेलें बरें.

आम्ही कोणाला बाटवायला आलों नाहीं, आणि कोणाची निंदा करायलाहि आलों नाहीं. धर्म कोणताहि असो, त्याच्या भोंवतीं एक कारभार उभा राहतो. त्यांत देणारा असतो, घेणारा असतो, सांगणारा असतो आणि ऐकणारा असतो. देणारे व ऐकणारे बहुधा आपण : नांगर धरणारे, ऐरणीवर घण मारणारे, चाक फिरवणारे, चामडें शिवणारे. घेणारे व सांगणारे मात्र दुसरेच. हा कारभार कोणाच्या हातीं असावा, याचा धडा आपल्याच मराठी मुलखांतले ख्रिस्ती लोक दोनशें वर्षें गिरवीत आले आहेत. त्यांत त्यांना यश आलें, ठेंचाहि लागल्या. शेजाऱ्याच्या शेतांत कोणतें बीं उगवलें आणि कोणतें जळलें हें बांधावरून पाहायला धर्म बदलावा लागत नाहीं.

दुसरेंहि एक कारण आहे. तुमचीं मुलें आज पुण्या-मुंबईस कामाला जातात. तेथें शेजारीं ख्रिस्ती घर असतें, दवाखान्यांत ख्रिस्ती परिचारिका असते, शाळेंत ख्रिस्ती मास्तर असतात. शिवाय हातांतल्या फोनवर रोज नवी गोष्ट येते. एक सांगतो, मिशनरी आले म्हणून आपण माणसांत आलों. दुसरा सांगतो, मिशनरी म्हणजे निव्वळ ठक, तांदुळाच्या पोत्यावर धर्म विकत घेणारे. या दोन्ही गोष्टी ऐकून माणूस भांडायला लागतो. पण वही उघडून जमाखर्च कोणी पाहत नाहीं. आज आपण ती वही उघडूं.

आधीं दोन-चार शब्द समजून घेऊं. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या भक्तांच्या समाजाला "मंडळी" म्हणतात. शब्द आपल्याच घरांतला आहे. देवळाची इमारत निराळी आणि मंडळी निराळी. इमारत पडली तरी मंडळी राहते. त्या मंडळीचा जो उपदेशक, त्याला ते "पाळक" म्हणतात. पाळक म्हणजे मेंढरें राखणारा. धनगराला विचारा, राखणारा कोण आणि मालक कोण, यांतला फरक तो नीट सांगेल. राखणारा पावसांत भिजतो, लांडग्याच्या आड उभा राहतो, आणि संध्याकाळीं मेंढरें मोजून दाखवतो. आमच्या आजच्या बोलण्याचें सूत्र एवढेंच आहे : धर्माचा पुढारी हा पाळक असावा, मालक असूं नये, आणि त्यानें रोज संध्याकाळीं मोजणी दाखवावी.

आतां इतिहासाकडे वळूं. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, आणि १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, ठाणें केलें. पुण्यास स्कॉटलंडचे मिशनरी आले. ते कशासाठीं आले हें त्यांनीं कधीं लपवलें नाहीं. लोकांना ख्रिस्ती करणें हा त्यांचा हेतु होता. इंग्रजी राज्याची सावली त्यांच्यावर होती, आणि आपल्या देवाधर्माविषयीं त्यांच्यापैकीं कित्येकांनीं फार कडवट लिहिलेंहि आहे. हें सगळें खर्चाच्या बाजूला लिहा.

जमेच्या बाजूला काय? त्यांची अशी श्रद्धा कीं, देवाचें वचन प्रत्येकानें स्वतःच्या डोळ्यांनीं वाचलें पाहिजे. मग तो महार असो, माळी असो, कीं बाई माणूस असो. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला वाचतां आलें पाहिजे, म्हणून शाळा. जें वाचायचें तें त्याच्या भाषेंत पाहिजे, म्हणून मराठी छापखाने. आमच्याकडे नेमकें उलट होतें. जें पवित्र तें कानावर पडूं द्यायचें नाहीं, आणि जें कानावर पडे तें समजूं नये अशा भाषेंत. या एका फरकामुळें केवढी उलथापालथ झाली तें पाहा.

सिंथिया फरार नांवाची एक अविवाहित अमेरिकन बाई १८२७ सालीं मुंबईस आली, आणि १८३९ पासून नगरास राहून १८६२ सालीं मरेपर्यंत मुलींच्या शाळा चालवीत राहिली. पुण्यास जोतीराव फुले नांवाचा माळ्याचा मुलगा १८४१ सालीं स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाला. त्याआधीं बापानें त्याला शाळेंतून काढून मळ्यांत खुरपें धरायला लावलें होतें. पोर हुशार आहे, त्याला शिकूं द्या, असें गोविंदरावांना सांगणारे दोघे शेजारी होते : गफार बेग मुनशी हे मुसलमान, आणि लिजिटसाहेब हे ख्रिस्ती. पुढें जोतीरावांनीं नगरास जाऊन फरार बाईंची शाळा पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत स्वतः मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीं शिक्षिकेचें शिक्षण घेतलें तेंहि मिशनच्याच बायांकडे.

आणि येथेंच मोठी गंमत आहे. जोतीरावांनीं शाळा घेतली, बाप्तिस्मा घेतला नाहीं. देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको, हा विचार त्यांनीं हृदयाशीं धरला, आणि १८७३ सालीं आपल्या लोकांसाठीं सत्यशोधक समाज काढला. सूप हातांत घेऊन दाणा ठेवावा व फोल उडवावें, तसें त्यांनीं केलें. पाद्री म्हणेल तें सगळें खरें असेंहि त्यांनीं मानलें नाहीं, आणि पाद्र्यानें सांगितलें म्हणून तें खोटें असेंहि मानलें नाहीं. शहाण्या शेतकऱ्याची ही रीत आहे. परगांवचें बीं आलें तर तो पेरून पाहतो. बीं विकणाऱ्याला जमीन लिहून देत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न : मंडळी उभी राहिली, पण तिचा धनी कोण?

आरंभीं सगळा कारभार गोऱ्या मिशनऱ्यांच्या हातीं होता. पैसा अमेरिकेंतून येई, पगार मिशन देई, हुकूम मिशनचा. उपदेशक जर मिशनचा पगारी नोकर, तर तो नजर कोणाकडे ठेवील? पगार देणाऱ्याकडे. झोपडींतल्या भावाकडे नव्हे. ही गोष्ट त्यांच्याच एका वरिष्ठाच्या ध्यानांत आली. रूफस अँडरसन हे त्या अमेरिकन संस्थेचे चिटणीस १८५४–५५ सालीं हिंदुस्थानांत पाहणीला आले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : परक्या मिशनऱ्यानें बीं पेरावें आणि पुढें जावें, मंडळीनें आपला पाळक आपल्यांतून निवडावा, त्याला आपल्या कमाईंतून पोसावें, आणि आपला कारभार आपण करावा. त्याच १८५४ सालीं नगरास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोन देशी माणसांना पाळकाची दीक्षा मिळाली.

नांवें ऐकलींत ना? दोघेहि ब्राह्मण कुळांत जन्मलेले. मंडळींत मात्र भरणा होऊं लागला तो बहुतेक महार-मांग बांधवांचा. म्हणजे धर्म बदलला तरी पहिली खुर्ची ज्याच्याकडे पिढ्यान् पिढ्या अक्षर होतें त्यालाच मिळाली. त्या दोघांचा यांत दोष नव्हता. घरदार, आप्त, मानमरातब सोडून, महार भावाच्या पंक्तीला बसून त्यांनीं भाकर खाल्ली, आणि त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती. पण शिकवण घ्यायची ती ही : ज्या जातीकडे अक्षर नाहीं त्या जातीकडे पुढारीपण नाहीं, मग धर्म कोणताहि असो. पुढें मिशनच्या शाळांत शिकलेलीं महार-मांगांचीं मुलें मास्तर झालीं, मग पाळक झालीं. आधीं पाटी, मग गादी. कासार जातीत जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ सालीं ख्रिस्ती झाले आणि १८६७ सालीं पुण्यास पाळक झाले. विधवांच्या दुःखावर त्यांनीं लिहिलेलें "यमुनापर्यटन" १८५७ सालचें आहे. भांडीं घडवणाऱ्या जातीच्या माणसाच्या हातीं लेखणी आली तेव्हां त्यानें ती कोणासाठीं झिजवली, हें ध्यानांत ठेवा.

आतां पैशाची गोष्ट. तुमच्याकडे पूर्वीं बलुत्याची चाल होती. सुतार, लोहार, कुंभार यांना खळ्यावर वाटा मिळे, कारण त्यांनीं नांगर घडवला, फाळ शेवटला, मडकीं दिलीं. जोशीहि खळ्यावर येई. त्याला लग्नाला बोलावलें नाहीं तरी त्याचा हक्क सुटत नसे. फिर्याद करून तो दक्षिणा वसूल करी. काम न करतां हक्काची वसुली, ही मालकीची खूण. त्यावर सत्यशोधकांनीं पन्नास वर्षें भांडण केलें, आणि सीताराम केशव बोले यांच्या खटपटीनें १९२६ सालीं मुंबई कायदेमंडळांत त्याविरुद्ध कायदा झाला, तेव्हां कोठें ती वसुली थांबली. तुमचा हा भाग तेव्हां भोर संस्थानांत, १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत. म्हणून इकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं त्या जुन्या चालीच्या गोष्टी जरा जास्तच टिकल्या असतील.

ख्रिस्ती मंडळीपुढें हाच पेंच दुसऱ्या बाजूनें आला. खेड्यांतलीं मंडळी गरीब. जमीन नाहीं, गांवकीच्या भाकरीवर पोट. त्यांनीं पाळकाला पोसायचें कसें? परदेशांतून पैसा येतो आहे तोंवर पोटाला चिमटा कां घ्या, असें पुष्कळांना वाटे, आणि वाटणें साहजिक होतें. पण फुकटच्या दाण्याला एक खोड असते : तो दाणा जेथून येतो तेथल्या माणसाचा हात तुमच्या मानेवर राहतो. म्हणून ज्यांना हें उमगलें त्या मंडळींनीं आपल्या ऐपतीप्रमाणें द्यायला सुरुवात केली. कोणी पायलीभर ज्वारी, कोणी कोंबडी, कोणी अंडीं, कोणी मजुरींतला आणा. आजहि खेड्यापाड्यांतल्या मंडळींत सुगीचा सण होतो. त्या दिवशीं बाया-माणसें शेतांतलें वाण देवापुढें आणतात, त्याचा लिलाव होतो, आणि आलेला पैसा मंडळीच्या वहींत जमा होतो. एक भोपळा चारदां विकला जातो, हंशा पिकतो. पण तो भोपळा म्हणजे स्वातंत्र्य आहे. ज्या पाळकाला माझ्या भोपळ्यांतून पगार मिळतो, त्याला मी उभा राहून प्रश्न विचारूं शकतो.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनीं हेंच ओळखलें. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहांतल्या पोरांसाठीं मूठमूठ धान्य गोळा केलें. दळणाला बसतांना आयाबाया एक मूठ बाजूला काढीत. त्या मुठींतून उभी राहिलेली शाळा रयतेचीच राहिली. एका सावकाराच्या देणगींतून ती उभी राहती, तर दारावर पाटी त्याची लागती.

आतां रोजच्या भक्तीविषयीं बोलूं. कारण पुढारी येतात-जातात, पण भक्ति घरांत राहते, आणि घर बायकांच्या हातीं असतें.

मिशनऱ्यांनीं प्रथम आणलीं तीं गाणीं विलायती चालीचीं. शब्द मराठी, सूर परका. दिवसभर खुरपून आलेल्या माणसाच्या गळ्याला तो सूर लागेना. मग नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं टाळ, वीणा घेऊन येशूच्या चरित्राचें कीर्तन सुरू केलें, आणि ऐकायला गांवच्या गांव बसूं लागलें. पुढें नारायण वामन टिळक आले. ते १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांनीं ख्रिस्ताचीं भजनें आपल्या अभंगाच्या आणि ओवीच्या चालींत रचलीं, आणि आज मराठी ख्रिस्ती घरांत सकाळ-संध्याकाळ तींच गायिलीं जातात. तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों असें ते सांगत. याच टिळकांनीं १९१७ सालीं मिशनचें काम सोडलें आणि "देवाचा दरबार" म्हणून एक मेळ उभा केला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांनाहि जागा होती आणि न घेतलेल्यांनाहि. मिशनच्या चौकटींत आपल्या देशाची भक्ति मावत नाहीं, असें त्यांना वाटलें. दोन वर्षांनीं, १९१९ सालीं, ते वारले आणि दरबार वाढायचा राहिला. पण भाकर सोडून भक्तीच्या मागें जाणारा माणूस मालकापुढें वांकत नाहीं, हें त्यांनीं दाखवलें.

त्यांची बायको लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हां तिच्यावर आभाळ कोसळलें. ती त्याच्यापासून वेगळी राहिली, रडली, भांडली. नवरा म्हणतो म्हणून तिनें धर्म घेतला नाहीं. कांहीं वर्षांनीं संसारांत परत आली तरी सोंवळेंओंवळें सांभाळीत राहिली; आणि मग स्वतः विचार करून, माणसाचा विटाळ मानणें खोटें आहे अशी स्वतःची खात्री झाल्यावर, ती आपल्या पायांनीं मंडळींत गेली. "स्मृतिचित्रें" या आपल्या पुस्तकांत तिनें हें सारें इतक्या साध्या, हंसऱ्या मराठींत लिहिलें आहे कीं, ज्या बहिणींना वाचतां येतें त्यांनीं तें जरूर मिळवून इतर बहिणींना वाचून दाखवावें. धर्म बदलतो तो असा. दाल्ल्यानें हुकूम सोडला, पाटलानें दम दिला, कोणी पोतें दाखवलें, म्हणून जो बदलतो तो कपडा. मन तेथेंच असतें.

आपल्याच पुणें जिल्ह्यांत, दौंडकडे, केडगांव आहे. तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे. रमाबाई जन्मानें ब्राह्मण, संस्कृताची पंडिता, आणि तरुणपणींच विधवा. १८८३ सालीं इंग्लंडांत त्या ख्रिस्ती झाल्या. इकडे पुण्याच्या शिष्टांनीं त्यांच्यावर तोंडसुख घेतलें. जोतीराव मात्र त्यांच्या बाजूनें लेखणी घेऊन उभे राहिले. पण रमाबाईंची खरी लढाई तिकडे विलायतेंतच सुरू झाली. पुरुष विद्यार्थ्यांना बाईनें शिकवूं नये अशी हरकत बिशपांनीं घेतली. काय मानावें आणि काय मानूं नये हें वरिष्ठ सांगूं लागले. रमाबाईंनीं पत्रांतून स्पष्ट कळवलें कीं, एका पुरोहितशाहीच्या जोखडांतून आपण मान सोडवली आहे ती दुसरें जोखड घालून घेण्यासाठीं नव्हे. देव मानला, ख्रिस्त मानला. पण माणसाचें मालकपण मानलें नाहीं.

आणि त्यांनीं केलें काय? १८८९ सालीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें, तें पुढच्या वर्षीं पुण्यास आणलें. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन उपाशी, अनाथ मुली व विधवा शेंकड्यांनीं केडगांवीं आणल्या. त्यांना नुसतें खाऊं घातलें नाहीं. माग चालवायला शिकवलें, तेलाचा घाणा, शेती, दूधदुभतें, शिवण, छापखाना, सगळें बायकांच्या हातीं दिलें. खिळे जुळवणाऱ्या बाया, छापणाऱ्याहि बाया. आणि त्याच छापखान्यासाठीं रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध बायबल सोप्या मराठींत उतरवलें. आधींचें भाषांतर संस्कृत शब्दांनीं जड झालें आहे, तें अडाणी बाईला कळत नाहीं, ही त्यांची तक्रार होती. १९२२ सालीं मरण येईपर्यंत त्या या कामाला चिकटून राहिल्या. ज्या बाईला गीता-भागवत तोंडपाठ होतें, तिनें कांदा चिरणाऱ्या बाईला कळावें म्हणून शब्द शोधण्यांत अनेक वर्षें घालवलीं. यालाच आम्ही पाळकपण म्हणतों.

एक उदाहरण आपल्या काळचें. वसईकडचे कॅथलिक ख्रिस्ती हे शेतकरी, बागाईतदार, कोळी. केळीच्या बागा, पानमळे, भाजीपाला आणि गोड्या विहिरी हें त्यांचें धन. मुंबई वाढत वसईच्या वेशीपर्यंत आली. बिल्डरांचा डोळा जमिनीवर आणि टँकरवाल्यांचा डोळा विहिरींवर. त्या वेळीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो या वसईच्याच धर्मगुरूंनीं वेदीवरचा उपदेश तेवढा न करतां लोकांना रस्त्यावर आणलें आणि हरित वसईची चळवळ चालवली. तींत ख्रिस्ती होते, हिंदु होते. पाण्याला जात नाहीं. दमदाटी झाली, तरी ते हटले नाहींत. "सुवार्ता" मासिकाचे संपादक म्हणून त्यांनीं मराठीची सेवा केली, आणि २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादेस, म्हणजे आतांच्या धाराशिवास, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. "पाद्री अध्यक्ष कसा?" म्हणून कांहींनीं आरडाओरडा केला. त्यांना हें ठाऊक नव्हतें कीं, मराठीची थोरवी ओवींत गाणारें "ख्रिस्तपुराण" फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानें लिहून १६१६ सालींच छापलें होतें, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याहि आधीं. २०२४ सालीं फादर दिब्रिटो वारले. विहिरीचें पाणी राखणारा धर्मगुरु म्हणून वसईचा शेतकरी त्यांना ओळखतो.

आतां वहीचें दुसरें पान. शेजाऱ्याचें चांगलें तेवढेंच सांगितलें तर तो हिशेब खोटा.

पहिली गोष्ट जातीची. ख्रिस्तापुढें सगळे सारखे, असें वेदीवरून सांगतात. पण पुष्कळ ठिकाणीं सोयरीक जमवतांना जुनी जात विचारतात. वेस ओलांडली तरी जात पायाला चिकटून आंत आली. आणि सरकारनेंहि त्यांत भर घातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ सालीं शिखांना व १९९० सालीं बौद्धांना त्या मिळाल्या, पण ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळाल्या नाहींत. गांव त्याला जुन्याच जातीनें ओळखतो, आणि कागद म्हणतो तुझी जात गेली. हा अन्याय त्यांचे पुढारी मांडत आले आहेत, आणि आपणहि तो समजून घेतला पाहिजे.

दुसरी गोष्ट मालमत्तेची. मिशनरी गेले आणि मागें जमिनी, बंगले, शाळा, दवाखाने राहिले. १९७० सालीं नागपुरास सहा निरनिराळ्या पंथांनीं एक होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन केली. हें ऐक्य फार मोठें झालें. तींत बिशप आहेत, पाळक आहेत, आणि साध्या सभासदांतून निवडलेले प्रतिनिधीहि कारभारांत बसतात. बायकांनाहि पाळकाची दीक्षा मिळते. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण जेथें जमिनीला सोन्याचा भाव आला तेथें मेंढरांपेक्षां कुरणाकडे लक्ष देणारे लोक निपजले, आणि देशांत ठिकठिकाणीं मंडळीच्या मिळकतीचे तंटे कोर्टांत गेले. ज्या बाईनें भोपळा लिलावांत दिला ती बाहेर ओट्यावर बसून राहिली, आणि आंत वकील बोलूं लागले.

हें ऐकून हंसूं नका. देवस्थानांच्या जमिनींचें आपल्याकडे काय झालें आहे? इनामें कोणीं खाल्लीं? जत्रेच्या वर्गणीचा हिशेब किती गांवांत वाचून दाखवतात? रोग एकच आहे. फक्त दवाखाना दुसऱ्या आळींतला आहे.

तेव्हां या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय, तें सांगून आम्ही आटोपतें घेतों.

कोणताहि धर्मपुढारी तुमच्या दारीं आला, मग तो बुवा असो, महाराज असो, पाद्री असो, मौलवी असो, किंवा समाजसुधारणेचा झेंडा घेऊन आलेला आमच्यासारखा असो, त्याला तीन प्रश्न विचारा. पहिला : बाबा, तुझें पोट कोण भरतो? जो तुझें पोट भरतो त्याची चाकरी तूं करशील. दुसरा : तूं सांगतोस तें आमच्या म्हातारीला कळेल अशा भाषेंत सांगतोस काय, आणि आम्हांला स्वतः वाचूं देतोस काय? तिसरा : तूं आमच्या पोरांना आणि पोरींना इतकें शहाणें करशील काय, कीं उद्यां तुझ्यावांचून त्यांचें अडणार नाहीं? या तीन प्रश्नांना जो न रागावतां उत्तर देईल त्याला पाळक म्हणा. ज्याला राग येईल त्याला ओळखा.

आणि एक गोष्ट शेजारधर्माची. उद्यां या खोऱ्यांतल्या एखाद्या घरानें, आपल्या खुशीनें, निराळी प्रार्थना धरली, तर काय कराल? त्याचें पाणी तोडाल? लग्नाला बोलावणें बंद कराल? सुतारानें त्याचा नांगर भरायचा नाहीं, दुकानदारानें मीठ द्यायचें नाहीं, असा ठराव कराल? महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ सालचा कायदा आहे, त्यानें असा ठराव करणारे गुन्हेगार ठरतात. पण कायद्याच्या भीतीनें कां वागावें? या डोंगराकडे पाहा. राजगडाचे तट चढवणारे हात कोणाचे होते? पाथरवट, गवंडी, लोहार, सुतार, बेलदार, बिगारी. चुना मळतांना कोणीं कोणाचा देव विचारला नाहीं. विचारला असता तर तट उभा राहिला नसता. तसेंच, कोणी दम देऊन, आमिष दाखवून किंवा दुखणाईताच्या भीतीचा फायदा घेऊन धर्म बदलवूं पाहील, तर त्यालाहि तोंडावर सांगा कीं, हा बाजार येथें चालणार नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच तत्त्वाच्या आहेत : मन ज्याचें त्याचें.

जोतीरावांचें "सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक" त्यांच्या मरणानंतर १८९१ सालीं छापलें गेलें. त्यांत त्यांनीं एका कुटुंबाचें चित्र काढलें आहे. बाईनें बौद्ध धर्माचें पुस्तक वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्यानें बायबल वाचून ख्रिस्ती व्हावें, मुलीनें कुराण वाचून मुसलमान व्हावें, मुलानें सत्यधर्म धरावा; आणि चौघांनीं एका घरांत, एकमेकांचा हेवा न करतां, प्रेमानें नांदावें. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला, पण असें घर अजून आपल्याला विरळाच दिसतें. तें बांधायला गवंडी लागत नाहीं, आपलीच छाती लागते.

एक काम मात्र उद्यांच करतां येईल. यंदाच्या जत्रेचा जमाखर्च लिहून काढा आणि तो चावडीपुढें मोठ्यानें वाचून दाखवा. वाचायला शाळेंतली एखादी मुलगी उभी करा. कोणाची किती वर्गणी, कोठें किती खर्च, शिल्लक किती, आणि त्या शिलकेंतून गांवच्या पोरांसाठीं किती पुस्तकें येतील, हें त्याच बैठकींत ठरवा. ही रीत एकदां पडली, कीं कोणत्याहि धर्माचा मालक या गांवांत गादी टाकून बसूं शकणार नाहीं.

 कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर आम्ही बसलों आहों, खुशाल विचारा.